अकराव्या नियमातील दुसरी बाब: परिवहन आयुक्तांस खुले पत्र

माननीय परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य,
यांच्या सेवेशी



मोटार अपघातांच्या दाव्यांत वकिली करण्यात ज्याचे उभे आयुष्य गेले आणि आता वकिलीची सनद कपाटात ठेवून जो स्वस्थ बसला आहे, अशा एका नागरिकाने आपणांस जाहीर रीतीने पत्र लिहावे, यात औद्धत्याचा हेतू नाही. खाजगी अर्ज आपल्या दप्तरी पोहोचतो, त्यास आवक क्रमांक मिळतो आणि बहुधा तेवढ्यानेच त्याच्या जन्माचे सार्थक होते. परंतु मला जी गोष्ट सांगावयाची आहे तिचा संबंध जितका आपल्या खात्याशी आहे तितकाच स्टीअरिंगवर हात ठेवणाऱ्या प्रत्येक मनुष्याशीही असल्यामुळे, ती दोघांच्या समक्ष सांगणे मला अधिक प्रशस्त वाटले.

ती गोष्ट अशी की, परवाना देण्यापूर्वी आपले खाते उमेदवाराकडून मोटार चालवून घेते, थांबवून घेते, चढावर उभी करून मागे न घसरता पुढे काढून घेते, दुचाकीस्वाराला आठाचा आकडा काढावयास लावते. परंतु ती मोटार एखाद्या मनुष्यावर आदळली, तर त्या क्षणापासून पुढील चोवीस तासांत चालकाने काय करावे, हा प्रश्न ते विचारल्यासारखे करते आणि उत्तराची वाट न पाहताच पुढे जाते.

आपल्या कार्यालयातील कोणाही कारकुनास केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ चे पुस्तक आणावयास सांगावे आणि अकरावा नियम उघडावा. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत उमेदवाराचे ज्ञान कोणत्या बाबींत तपासावे हे तेथे क्रमवार नमूद आहे: पहिली बाब, वाहतुकीची चिन्हे, इशारे आणि रस्त्याचे नियम, दुसरी, आपल्या वाहनाच्या अपघातात कोणी मृत वा जखमी झाल्यास अथवा परक्याच्या मालमत्तेची हानी झाल्यास चालकाची कर्तव्ये, तिसरी, पहारेकरी नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यावयाची खबरदारी, आणि चौथी, वाहन चालवताना जवळ बाळगावयाची कागदपत्रे. यावरून ध्यानात येईल की मी कोणतीही नवी सुधारणा सुचवीत नाही. नियमकर्त्यांनी जी बाब मानाने दुसऱ्या स्थानी बसविली, ती परीक्षेच्या खोलीत दाराबाहेर उभी का, एवढेच मी विचारतो आहे. रेल्वेने ब्रॉडगेज मार्गांवरील बिनपहाऱ्याची फाटके २०१९ च्या जानेवारीअखेर निकालात काढली; अपघात मात्र अद्याप कोणास निकालात काढता आलेले नाहीत. असे असता पंधरा प्रश्नांतील नऊ उत्तरे बरोबर आली की उमेदवार उत्तीर्ण होतो, आणि २०२१ पासून तर ही परीक्षा त्यास घरबसल्याही देता येते. अपघातानंतरच्या कर्तव्याचा एखादा प्रश्न त्याच्या वाट्यास आलाच आणि तो चुकलाच, तर चिन्हे ओळखून मिळालेले गुण ती उणीव सहज भरून काढतात, आणि शासनाच्या मोहोरेनिशी एक असा मनुष्य रस्त्यावर येतो की ज्यास 'वाहने उभी करण्यास मनाई' हे चित्र कळते, पण आपली मोटार उभी करणे केव्हा सक्तीचे आहे हे कळत नाही.

या अज्ञानाची किंमत लहान नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या राज्यात रस्त्यांवर १५,२२४ माणसे मृत्युमुखी पडली, आणि साऱ्या देशाचा आकडा १,६८,४९१ होता. विधी आयोगाने २००६ साली दिलेल्या आपल्या २०१ व्या अहवालात असे मत नमूद केले होते की, पहिल्या तासाभरात उपचार मिळाले असते तर अशा मृत्यूंपैकी निदान निम्मे टळू शकले असते. आघातानंतरच्या या पहिल्या तासास आता कायद्यानेच व्याख्येत स्थान दिले आहे. परंतु हा तास बहुधा डॉक्टरांच्या हाती नसतो, पोलिसांच्याही हाती नसतो. त्याची पहिली दहा-पंधरा मिनिटे मोटारचालकाच्या आणि रस्त्यावरील दोन-चार अनोळखी माणसांच्या हाती असतात, आणि त्यांच्यापैकी कोणासही ही मिनिटे कशी खर्चावी हे शिकविलेले नसते.

न शिकविल्याने काय होते, हे एका दाव्याच्या कागदांवरून सांगतो. बँकेत नोकरीस असलेला एक सालस गृहस्थ तिन्हीसांजेच्या वेळी कोल्हापूरहून पुण्याकडे येत होता. फाट्यावरच्या कच्च्या रस्त्याने आलेला एक मोटारसायकलस्वार डावी-उजवी न पाहता महामार्गावर शिरला आणि मोटारीच्या डाव्या कोपऱ्यावर आदळून पडला. गृहस्थाने दहा-पंधरा पावलांवर मोटार थांबविली सुद्धा. पण आरशात त्यास रसवंतीवरून धावत येणारी माणसे दिसली, आणि ती जखमीकडे धावत आहेत की आपल्याकडे, याचा निवाडा करण्याइतका धीर न उरल्याने त्याने गिअर टाकला. पुढच्या पेट्रोल पंपावर उभा राहून त्याने फोन केला तो पोलिसांना नव्हे, मेहुण्याला. आणि मेहुण्याने, जगातील सर्व मेहुण्यांप्रमाणे, "आधी घरी पोहोचा, मग बघू" असा सल्ला दिला. इकडे फाट्यावर जमलेल्या मंडळींनी, अत्यंत सद्भावनेने, अर्धवट शुद्धीवर असलेल्या त्या तरुणास उठवून बसविले, त्याच्या तोंडात तांब्याने पाणी ओतले, आणि मान एकीकडे लोंबकळत असता त्याची घडी घालून त्यास एका टेम्पोच्या मागल्या बाजूस निजविले. दुसऱ्या दिवशी झालेल्या घटनास्थळाच्या पंचनाम्यात "मोटार जागेवर मिळून आली नाही" असे वाक्य पडले, आणि पुढे साऱ्या प्रकरणास त्या वाक्याने ग्रासले. टायरच्या खुणा, काचांचे तुकडे, दोन्ही वाहनांची स्थिती, म्हणजे ज्यांच्या आधारे त्या गृहस्थाचा दोष नाही किंवा अल्प आहे असे दाखविता आले असते, तो सारा पुरावा तो स्वतःच आपल्याबरोबर पळवून घेऊन गेला होता. आणि पळणाऱ्याविषयी जग जो तर्क करते, तोच तर्क त्याच्याविषयीही झाला.

या मनुष्यास दुष्ट म्हणता येईल काय? मला तसे वाटत नाही. रस्त्यावर पळून जाणारे काही निर्ढावलेले असतात, काही मद्यपी असतात, हे खरे. परंतु माझ्या पाहण्यात आलेल्यांपैकी पुष्कळसे असे होते की जे आदल्या दिवशी शेजाऱ्याच्या दुखण्यात रात्र जागले असते. त्यांस पळविले ते भीतीने, आणि त्या भीतीचे पोषण केले ते कायदा आपला वैरी आहे या समजुतीने. वास्तविक कायद्याने काय म्हटले आहे ते पाहावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे १३४ वे कलम चालकावर तीन कर्तव्ये टाकते. पहिले असे की, जखमीस नजीकच्या डॉक्टरकडे अथवा इस्पितळात नेऊन उपचार मिळावेत यासाठी शक्य ते सर्व करावे. दुसरे, पोलिसांनी विचारलेली माहिती द्यावी, आणि पोलीस तेथे हजर नसल्यास नजीकच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, वर्दी द्यावी. तिसरे, विमा कंपनीस लेखी कळवावे, ज्यात पॉलिसीचा क्रमांक व मुदत, अपघाताची तारीख, वेळ व स्थळ, मृत वा जखमी व्यक्तींचा तपशील, चालकाचे नाव आणि त्याच्या परवान्याचा तपशील असावा. हे कर्तव्य न पाळल्यास १८७ व्या कलमाने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. १९३९ च्या जुन्या कायद्यातही ८९ व्या कलमाने चालकाची अशीच कर्तव्ये सांगितली होती. तेव्हा या देशातील मोटारचालक ही गोष्ट ठाऊक नसण्याचा सराव आज ऐंशीहून अधिक वर्षे करीत आहे.

परंतु त्याच १३४ व्या कलमाच्या आरंभी असलेले शब्द मला अधिक महत्त्वाचे वाटतात. जमावाच्या प्रक्षोभामुळे अथवा आपल्या ताब्यापलीकडील अन्य कारणामुळे जे शक्य नसेल, त्याचा दोष कायदा चालकावर ठेवीत नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी रसवंतीवरून धावत येणारी माणसे पाहिली होती, हे या एका वाक्यांशावरून दिसते. जिवावर बेतणारा जमाव चालून आला तर तेथून निघून जाण्याची मुभा कायद्याने दिली आहे. फक्त त्याने घराकडे न जाता पोलीस ठाण्याकडे जावे, एवढीच त्याची अपेक्षा आहे. पळून जाणे आणि ठाण्यावर जाणे, या दोहोंत मोटारीचा वेग एकच असतो, पण पंचनाम्यात, आरोपपत्रात आणि न्यायालयात त्यांचे अर्थ परस्परविरुद्ध होतात.

ही एक गोष्ट लोकांस ठाऊक असती, तर २०२४ च्या जानेवारीत जे घडले त्यातील निम्मा गदारोळ टळला असता असे मला वाटते. नव्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाने, बेदरकार चालविण्याने मृत्यू घडवून पोलिसांस अथवा दंडाधिकाऱ्यास न कळविता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली, आणि त्याविरुद्ध ट्रकचालकांनी चाके थांबविली. महाराष्ट्रातील पेट्रोल पंपांवर लागलेल्या त्या रांगा आपणही पाहिल्या असतील. चालकांचे म्हणणे असे की थांबलो तर जमाव मारील, आणि न थांबलो तर सरकार मारील. हे म्हणणे खोटे नव्हते. परंतु त्या पोटकलमाचा रोख स्थळ सोडण्यापेक्षा वर्दी न देण्यावर होता, आणि जमावाचा अपवाद १३४ व्या कलमात पूर्वीपासून होता, हे त्या गलबल्यात फारसे कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी ज्यांस ते परवान्याच्या वेळी कोणी शिकविले नव्हते त्यांस ते पटले नसते. संहिता १ जुलै २०२४ रोजी अमलात आली. ते पोटकलम मात्र अमलाबाहेर ठेवण्यात आले. शिक्षेचा आकडा किती असावा या वादात मी पडत नाही. माझे म्हणणे एवढेच की, ज्यास कर्तव्य ठाऊक नाही त्याच्या शिक्षेची मुदत वाढविल्याने तो फक्त अधिक वेगाने पळतो.

कर्तव्य ठाऊक असणे म्हणजे नुसती कलमे पाठ असणे नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. मोटार थांबली की पहिले काम तीच दुसऱ्या अपघाताचे कारण होऊ नये हे पाहण्याचे असते: इंजिन बंद करावे, हातब्रेक ओढावा, चारही इंडिकेटर एकदम लुकलुकविणारे बटण दाबावे, आणि लाल त्रिकोण मागून येणाऱ्यास दुरून दिसेल इतक्या अंतरावर रस्त्यावर उभा करावा. आता कोणाही सुशिक्षित मोटारमालकास त्याचा त्रिकोण काढून दाखवावयास सांगावे. तो डिकी उघडतो, चपलांची पिशवी आणि पाण्याचा कॅन बाहेर काढतो, चटई उचलतो, आणि स्टेपनीच्या बाजूस कारखान्यातून आला त्याच प्लास्टिकच्या वेष्टनात तो त्रिकोण, एकदाही न उलगडलेला, त्यास सापडतो. सापडल्यावर तो उभा कसा करावा याचा विचार करण्यात आणखी काही वेळ जातो. द्रुतगती मार्गावर एवढ्या वेळात मागून किती वाहने येऊन जातात, हे आपणांस मी सांगावयास नको. अशा मार्गावर बंद पडलेल्या मोटारीत बसून राहणे किंवा तिच्या मागे उभे राहून फोनवर बोलणे, हे दोन्ही प्रकार प्राणघातक असून, उतारूंनी कठड्यापलीकडे जाऊन उभे राहावे, हा साधा नियमदेखील फार थोड्यांस माहीत असतो.

दुसरे काम मदत बोलाविण्याचे. ११२ हा सर्व संकटांसाठी, १०८ हा रुग्णवाहिकेसाठी आणि १०३३ हा राष्ट्रीय महामार्गांसाठी, असे तीन क्रमांक आहेत, आणि फोन करणाऱ्याने आधी स्थळ सांगावे, मग जखमींची संख्या आणि मग बाकीची हकीकत; कारण संभाषण मध्येच तुटले तरी स्थळ कळलेले असले म्हणजे गाडी निघू शकते. महामार्गाच्या कडेचे किलोमीटरचे दगड आणि पाट्या याच कामी येतात. तिसरे काम जखमीजवळ थांबण्याचे, आणि त्यात काय करावे याहून काय करू नये हे अधिक शिकविण्याजोगे आहे. त्यास पाणी पाजू नये, कारण शुद्ध हरपत चाललेल्या मनुष्याच्या श्वासनलिकेत ते पाणी उतरते, आणि शस्त्रक्रिया करावी लागल्यास पोटातील पाणीही अपाय करते. आग किंवा येणारी वाहने यांचा धोका नसेल तर त्यास उचलून बसवू नये, कारण मानेचे वा पाठीचे हाड मोडलेले असल्यास त्या एका हिसक्याने तो जन्माचा पांगळा होऊ शकतो. अंगात रुतलेली वस्तू उपटू नये. आणि रक्त वाहत असेल तेथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, दर मिनिटास उचलून पाहू नये. श्वास चालू आहे पण शुद्ध नाही, अशास मान आणि धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे. एवढे ज्ञान शिकविण्यास ग्रामीण रुग्णालयातील एखाद्या परिचारिकेची एक दुपार पुरते. मोटार शिकविणाऱ्या शाळांसाठी नियमांनी ठरविलेल्या अभ्यासक्रमात प्रथमोपचाराचा समावेश आहेच. तो किती शाळांत शिकविला जातो, याची तपासणी आपल्या निरीक्षकांनी एकदा अवश्य करावी.

जे मदतीस धावतात त्यांच्या मनातील धास्तीही अशीच निराधार आहे. "नको, उगाच पोलिसांच्या लफड्यात कोण पडेल" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे, आणि एके काळी ते अगदी अस्थानी नव्हते. परंतु परमानंद कटारा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये असा निर्णय दिला की, जखमी मनुष्य समोर येताच पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. त्याच न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या केंद्राच्या सूचनांना कायद्याचे बळ दिले. आणि २०१९ च्या दुरुस्तीने १३४-अ हे कलमच अधिनियमात घातले. त्यान्वये सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. पुढे केलेल्या नियमांनुसार त्याने आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही, आणि साक्षीदार व्हावे की नाही हे त्याच्या इच्छेवर आहे. हे हक्क इस्पितळाच्या दर्शनी भागी स्थानिक भाषेतही लावले पाहिजेत असा नियम आहे. आपल्या राज्याच्या महामार्ग पोलिसांनी २०२१ मध्ये 'मृत्युंजय दूत' नावाची योजना काढून महामार्गालगतच्या गावांतील, ढाब्यांवरील, पंपांवरील माणसांस हाताशी धरले, ही अतिशय स्तुत्य गोष्ट होय. परंतु रस्त्याकडेचा ढाबेवाला जे शिकला, ते रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारवाल्याने का शिकू नये, हा प्रश्न उरतोच.

लहानसहान धडकांविषयीही दोन शब्द लिहितो, कारण बहुसंख्य लोकांचा अनुभव त्यांचाच असतो. बंपर चेपला, आरसा तुटला, म्हणजे आपल्याकडे आधी आवाज चढतो, मग ओळखी निघतात, आणि शेवटी "जागेवर मिटवून टाका" असा कोणी वडीलधारा तोडगा काढतो. नुसत्या पत्र्याचे नुकसान असेल तर मिटविण्यास हरकत नाही. मात्र वाहने बाजूस घेण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, परस्परांचे वाहन क्रमांक, परवाने आणि पॉलिसी यांची नोंद करावी, विम्याची रक्कम मागावयाची असेल तर दुरुस्तीस हात लावण्यापूर्वी कंपनीस कळवावे, आणि रागाच्या वा गोंधळाच्या भरात दोषाची कबुली लिहून देऊ नये किंवा घेऊही नये. परंतु कोणास खरचटण्यापलीकडे इजा झाली असेल, विशेषतः डोक्यास मार लागला असेल, तर हातावर पाचशे रुपये ठेवून दिलेला निरोप हा मूर्खपणा होय. कारण डोक्याच्या आतील रक्तस्राव कित्येकदा काही तासांनी आपले स्वरूप दाखवितो, आणि तेव्हा ते पाचशे रुपये कोणाच्याच उपयोगाचे राहत नाहीत. वर्दी देण्याचे कर्तव्यही अशा मिटवामिटवीने नाहीसे होत नाही.

वर्दीस कंटाळणाऱ्यांस हेही समजले पाहिजे की जखमीच्या पुढील साऱ्या हक्कांचे मूळ त्या एका नोंदीत असते. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी अठ्ठेचाळीस तासांच्या आत अपघाताचा पहिला अहवाल द्यावयाचा असतो. दावा न्यायाधिकरणापुढे मागणी करण्यास कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तरी मृताच्या वारसांस दोन लाख आणि गंभीर जखमीस पन्नास हजार रुपये देण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून अमलात आहे. आणि २०२५ च्या मे महिन्यापासून, अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत बिनपैशाचे उपचार मिळण्याची तरतूद झाली आहे. अर्ज कोठे करावा हे न कळल्यामुळे ज्यांनी बायकोचे मंगळसूत्र गहाण टाकले, अशी माणसे माझ्या टेबलासमोर येऊन बसलेली आहेत. सरकारने दिलेला पैसा सरकारातच पडून राहावा आणि ज्याचा तो आहे त्याने सावकाराचे दार ठोठावावे, याहून अधिक विपरीत प्रकार कल्पिता येत नाही.

आपल्या कार्यालयातून यावर एक आक्षेप निघेल हे मी जाणतो: लोक हेही पाठ करतील, एजंट त्याची उत्तरे छापून विकतील, आणि परीक्षा पूर्वीसारखीच पोकळ राहील. अन्य विषयांपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. घोकंपट्टीस आपण शिक्षणातील दोष मानतो, आणि जेथे विचाराचे काम आहे तेथे ती दोषच होय; परंतु ज्या क्षणी काच फुटते, एअरबॅगचा धूर नाकात जातो, आणि समोर एक मनुष्य निपचित पडलेला दिसतो, त्या क्षणी विचारशक्ती मनुष्यास सोडून जाते आणि त्याच्यापाशी फक्त पाठ केलेले तेवढे उरते. त्या बँकेतील गृहस्थास पाठ काहीच नव्हते, म्हणून त्याला मेहुणा आठवला. त्याच्या तोंडी ११२ हा आकडा पाढ्यासारखा बसलेला असता, तर त्याच्या बोटांनी तोच दाबला असता. तेव्हा एजंटांनी ही उत्तरे अवश्य छापून विकावीत; त्यांच्या हातून लोकहिताचे एवढे एक तरी कार्य घडेल.

दुसरा आक्षेप असा येईल की नियम केंद्राचे आहेत. ते खरे आहे. परंतु नियमातील दुसरी बाब गांभीर्याने घेण्यास केंद्राची कोणतीच आडकाठी नाही, आणि जेथे नियमात बदल आवश्यक वाटेल तेथे शिफारस करण्याचा अधिकार आपणांस आहे. मुंबईत पाठच्या आसनावरील पट्ट्याची सक्ती २०२२ च्या नोव्हेंबरपासून कसोशीने सुरू झाली ती त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ सायरस मिस्त्री यांचा अपघाती अंत झाल्यावर. नियम त्यापूर्वीही पुस्तकात होताच. पुस्तकातील नियमास जाग येण्यासाठी दर वेळी एखाद्या प्रख्यात मनुष्याचा बळी पडावा, ही प्रथा तरी आपण मोडावी.

तरी माझी प्रार्थना अशी. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत अपघातानंतरच्या कर्तव्यांचे पाच प्रश्न वेगळे काढावेत, आणि ते पाचही बरोबर आल्याखेरीज इतर गुणांच्या बळावर कोणासही उत्तीर्ण करू नये. पक्क्या परवान्याच्या वेळी निरीक्षकाने मोटार चालवून घेण्यापूर्वी उमेदवारास डिकीतील त्रिकोण काढून उभा करावयास सांगावे, चार इंडिकेटरचे बटण दाखवावयास सांगावे आणि तीन क्रमांक विचारावेत. यास तीन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. मोटार शिकविणाऱ्या शाळांस प्रथमोपचाराच्या तासिकेचा दाखला जोडण्याची सक्ती करावी. आणि परवान्याच्या पाकिटातून एक मराठी पत्रक प्रत्येकाच्या घरी जावे. त्याचा मसुदा, जुन्या सवयीने, मीच करून पाठवीत आहे:

"गाडी थांबवा, इंजिन बंद करा, चारही दिवे लावा, त्रिकोण मागे ठेवा. ११२ किंवा १०८ ला फोन करा. आधी जागा सांगा. जखमीला पाणी पाजू नका, धोका नसेल तर उचलू नका, रक्त वाहते तेथे कापड दाबून धरा. रुग्णवाहिकेस वेळ असेल तर जपून जवळच्या दवाखान्यात न्या. डॉक्टर नाही म्हणू शकत नाहीत. जमाव अंगावर आला तर निघा, पण घरी नाही, पोलीस ठाण्यात जा. चोवीस तासांच्या आत वर्दी द्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. मदत करणाऱ्याला कोणी त्रास देऊ शकत नाही."

हा मसुदा सुधारण्यास, छाटण्यास किंवा त्यावर आपल्या खात्याचे नाव घालण्यास माझी कोणतीही हरकत नाही. फक्त तो एखाद्या समितीकडे अभिप्रायार्थ पाठवू नये, एवढी विनंती आहे. येत्या जानेवारीत आपले खाते नेहमीप्रमाणे रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम करील, फलक लागतील, हेल्मेटधारी मंडळींची फेरी निघेल; त्या कार्यक्रमात अकराव्या नियमातील दुसऱ्या बाबीची परीक्षा प्रत्यक्ष सुरू झाल्याचे आपण जाहीर केलेत, तर ज्या दाव्यांवर माझ्या व्यवसायबंधूंचा चरितार्थ चालतो त्यांची संख्या काहीशी घटेल, आणि त्याबद्दल ते मला क्षमा करतील अशी आशा आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त वकील